साडेसहाशे शब्दांचे सर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्याच्या घरी बारावीचे मूल आहे, त्याला एसेवाले सर ठाऊक नाहीत असे संभवत नाही. नारायणगावात ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असतात, मंचरला पतसंस्थेचे माजी व्यवस्थापक असतात, ओतूरला तर नुसतेच कुणाचे तरी मामा असतात, परंतु ज्ञान सर्वांचे एकच आणि ते पाजण्याची वेळही एकच, म्हणजे समोरचा घाईत असताना. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठे पदवीच्या प्रवेशासाठी 'कॉमन अ‍ॅप' हा सामाईक ऑनलाइन अर्ज स्वीकारतात आणि त्यात गुणांखेरीज स्वतःविषयी जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध, म्हणजे 'एसे', मागतात, हे सरांना ज्या दिवशी उमगले, त्या दिवसापासून तालुक्यातली कोणतीही घटना त्यांच्या लेखी नुसती घटना राहिली नाही.

उसातून बिबट्या निघून गोठ्यातली कालवड नेतो, गाव फटाके घेऊन जमते, वनखात्याचा पिंजरा येतो, सापडलेले जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात जाते आणि इकडे पंचनामा चालू असतानाच सर त्या घरच्या मुलीला बाजूला घेऊन म्हणतात, "हे एसेत येईल." जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला २००० रुपयांवर भाव गेला तेव्हा ते एसेत येणार होते, आणि भाव पडून माल रस्त्याकडेला ओतावा लागतो तेव्हा तर ते अधिक खात्रीने येते, कारण प्रवेश समितीला, सरांच्या मते, नफ्यापेक्षा नुकसान आवडते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यावर घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पुन्हा बाऱ्या सुटू लागल्या, भंडारा उधळला गेला, आणि त्या गदारोळात "एसेत येईल!" ही आरोळी "भिर्रर्र"च्या खालोखाल ऐकू आली. दशक्रियेलाही सरांना हा मोह आवरत नाही. फक्त तिथे ते हळू बोलतात.

अर्जात १० उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाचे वर्णन १५० अक्षरांत बसवावे लागते, तेव्हा सरांची प्रतिभा खरी फुलते. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात भेळ खात हिंडलेला मुलगा सरांच्या हाती 'रेडिओ खगोलशास्त्राचा प्रसारक' होतो, आणि आजीचा हात धरून लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलेली मुलगी 'ज्येष्ठांच्या वारसा-सहलींची संयोजक'. घोडे अडते ते शिफारसपत्रापाशी, कारण ज्या शाळांनी दाखल्यावर "प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली" एवढ्यावर पिढ्यानपिढ्या निकाली काढल्या, तिथल्या मुख्याध्यापकांकडून पानभर स्तुती काढणे सरांनाही जमत नाही. "मुलगा बरा आहे" याच्या पुढे ते सरकत नाहीत, आणि न्यायाने पाहता चूक त्यांची नसते.

हार्वर्डमध्ये शंभरांतल्या पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, हे कुणी लक्षात आणून दिलेच तर सर इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबींना पुढे करतात. कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे जुन्नरची मानमोडी लेणी त्यांच्या संशोधनात आली. तेव्हा हार्वर्डचा माणूस जुन्नरला येतो, तर जुन्नरचा तिकडे का जाऊ नये, असा सरांचा बिनतोड सवाल असतो. कोसंबींचे शालेय शिक्षणही काही काळ अमेरिकेतच झाले होते, हा तपशील ते गाळतात.

मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्यालाही ऐपत न पाहता निवडतात आणि निवडल्यावर गरजेइतकी मदत देतात, हे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून समजावणारा माणूसही तोच असतो, हे मान्य करावे लागते. आर्थिक मदतीच्या अर्जात कुटुंबाचे उत्पन्न विचारतात आणि टोमॅटोवाला बाप गोंधळून "कुठल्या सालचं?" म्हणतो, मग सर तहसीलदाराचा दाखला, सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या पुढ्यात घेऊन रात्र घालवतात. पुण्यातले सल्लागार ज्या कामाचे लाखांत घेतात, त्याचे ते चहाखेरीज काही घेत नाहीत. ऐकून मात्र सगळे घ्यावे लागते.

एका गोष्टीला ते हात लावत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. नमुन्याचे एसे वाचून त्या खोऱ्यातला एखादा मुलगा त्यावर मसुदा लिहून आणतो, तेव्हा सर तो शेवटपर्यंत वाचतात, घडी घालून परत देतात आणि "तुझ्या शेळ्यांवर लिही" म्हणतात. कारण विचारले तर शब्दमर्यादेचे सांगतात. मसुदा चारशे शब्दांचाही नसतो.

मार्चअखेरीस बड्या विद्यापीठांचे निकाल आपल्याकडच्या पहाटे साडेचारच्या सुमारास लागतात आणि बहुधा नकारच येतो. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या सीईटीची नोंदणी तोवर बहुतेक आटोपलेली असते. पण बापाला कळते की सरांनी पोराचा तो अर्ज केव्हाच भरून ठेवला आहे, फीसुद्धा स्वतःच्या खिशातून भरली आहे आणि अवसरीच्या शासकीय महाविद्यालयात कोणत्या शाखा आहेत याची चौकशीही करून ठेवली आहे. सीईटीच्या अर्जात निबंध नसतो, याबद्दलची नापसंती मात्र ते चारचौघांत बोलून दाखवतात.