मॅकचे आठ, बाकीच्यांचे सोळा

‘नवा लॅपटॉप घ्यावा म्हणतो,’ हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात मोठ्याने उच्चारू नये. लग्न ठरल्याची बातमीसुद्धा आमच्याकडे चार दिवस दबून राहते, पण हे वाक्य संध्याकाळच्या आत डोंबिवलीहून कोथरूडला पोचतं आणि जेवणं आटोपली की फोन सुरू होतात.

पहिला प्रश्न, बजेट किती. दुसरा, वापर काय. मी खरं ते सांगतो: पत्रं टंकायची, विजेचं बिल भरायचं, रात्री एखादं जुनं नाटक बघायचं. पलीकडे शांतता पसरते. मग मेहुणा म्हणतो, ‘भावोजी, हे आजचं झालं. पाच वर्षांनी काय करणार?’ पाच वर्षांनीही मला विजेचं बिल येणारच आहे, पण हे उत्तर ग्राह्य धरत नाहीत.

मेहुणा थिंकपॅडपंथी. त्याच्या घरी चहाच्या आधी इतिहास मिळतो. १९९२ साली आयबीएमने थिंकपॅड काढले, त्यांचं रूप रिचर्ड साप्पर या जर्मन डिझायनरने जपानी बेन्तो डब्यावरून घेतलं, बाहेरून साधा काळा डबा आणि मजा सगळी आत. कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात एक लाल बोंडी, जी बोटाने ढकलली की बाण सरकतो. आयबीएममध्ये लाल रंग आणीबाणीच्या बटणांसाठी राखलेला, म्हणून तिचा रंग कागदोपत्री ‘मॅजेन्टा’ लिहिला गेला. हे सांगताना मेहुण्याचा कंठ दाटून येतो. पुतणीच्या पाठवणीला तो कोरडाठाक होता.

त्याच्या लेखी इतिहास २०११ साली संपतो. त्या वर्षीच्या एक्स२२० या थिंकपॅडला सात ओळींचा कीबोर्ड होता, पुढच्या वर्षी सहा ओळी झाल्या. गेलेल्या ओळीचा तुला नेमका उपयोग काय होता, असं विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही. पण ती गेली. त्याच्याकडे आज एक्स२२० तीन आहेत. एक वापरायला, दुसरा पहिला बिघडला तर, आणि तिसरा या दोघांना अवयवदान करायला. ते सगळे लॅमिंग्टन रोडवरचे. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव सांगितलं तर माणसं तुम्हाला पोस्टमन समजतात. कंपन्यांनी मुदत संपली म्हणून काढून टाकलेल्या थिंकपॅडच्या थप्प्या तिथे लागलेल्या असतात. मेहुणा त्यातला एकेक उचलतो, बिजागरी हलवून बघतो, कळांवर कान ठेवल्यागत टकटक करतो. दुकानदाराने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘साहेब करतात काय यावर?’ मी म्हटलं, यावर चर्चा करतात.

साडू मॅकवाले. त्यांचा पिंड तत्त्वज्ञाचा. २०१६ साली अ‍ॅपलने मॅकबुक प्रोवरून एचडीएमआय, कार्डाची खाच आणि चुंबकाने चिकटणारा चार्जर काढून टाकला. तेव्हा साडूंनी मला समजावलं, की यंत्राला इतकी भोकं असणं हीच मुळात मागासलेपणाची खूण. २०२१ साली तिन्ही गोष्टी परत आल्या. तेव्हा समजावलं, की ग्राहकाचं ऐकणारी कंपनी जगात ही एकच. दोन्ही वेळा आवाज तोच, खात्री तीच. मधल्या काळात ते अडॅप्टरची पिशवी बाळगत, पण त्या पिशवीविषयी बोललेलं त्यांना खपत नसे.

मग आला मेमरीचा प्रश्न. २०२३ साली अ‍ॅपलच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत असं सुचवलं, की मॅकवरची ८ जीबी ही इतर यंत्रांवरच्या १६ जीबीच्या तोडीची असावी. साडूंनी हा विनिमयदर त्याच दिवशी लागू केला. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीने नव्या मॅकमध्ये सुरुवातच १६ जीबीपासून केली. मी विचारलं, ‘मग हे आता बाकीच्यांचे बत्तीस धरायचे का?’ साडू जराही न डगमगता म्हणाले, ‘तत्त्वतः.’

हे सगळं बळ ते लावतात कुठे? ते सोसायटीचे चिटणीस आहेत. चोवीस फ्लॅटच्या मेन्टेनन्सचा हिशेब एका तक्त्यात मावतो. त्यातले तिघे जुने थकबाकीदार, आणि त्यांच्यावर अजून कुठल्याही चिपचा परिणाम झालेला नाही.

भाचा कुठल्याच पंथाचा नाही, तो उघडून बघणाऱ्यांतला. नव्या यंत्राला लोक हळदकुंकू लावतात, हा स्क्रूड्रायव्हर लावतो. बोर्डावर कायमची डाग दिलेली रॅम दिसली की त्याचं रक्त उकळतं. साडू म्हणतात, मेमरी प्रोसेसरच्या जितकी जवळ तितका वेग. भाचा म्हणतो, मग पुढे वाढवायची कशी? साडू म्हणतात, वाढवायची कशाला, आधीच जास्त घ्यावी. भाचा म्हणतो, आधीच जास्त घ्यायला पैसे कुणाचे? इथे दोघेही माझ्याकडे बघतात.

त्याचा खरा जीव मात्र थर्मल पेस्टमध्ये. प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारं तांबं यांच्यामध्ये बारीक फट राहते. तिथे हवा राहिली तर उष्णता अडते, म्हणून लेप लावायचा. इथवर सगळ्यांचं एकमत. लेप मधोमध वाटाण्याएवढ्या ठिपक्याने द्यावा, आडव्या रेघेने द्यावा, फुली मारावी की जुन्या कार्डाने सारवावा, इथून घराणी वेगळी होतात. गंधाच्या आकारावरून संप्रदाय ओळखावा तशी ही मुलं ठिपक्यावरून एकमेकांना ओळखतात. मी म्हटलं, ‘अरे, वरून दाबलं की सगळं सारखंच पसरत असेल.’ तो दुखावून म्हणाला, ‘मामा, तुम्ही उद्या सगळे देवही एकच म्हणाल.’

मेहुणी, म्हणजे साडूंचीच बायको, टॅबलेटवाली. ती त्यावर साड्यांच्या काठांची नक्षी काढते आणि विकते. या साऱ्या मंडळींत यंत्रावर पैसे मिळवणारी ती एकटी, त्यामुळे तिच्या मताला फारशी किंमत नाही. काचेवर कागदासारखा खरखरीत पडदा चिकटवावा का, या विषयावर ती तासभर बोलू शकते: पेन हातात बसतं, पण टोक लवकर झिजतं आणि चित्र जरा धुरकट दिसतं. मेहुणा म्हणाला, ‘ताई, टॅबलेट म्हणजे फुगलेला फोन. स्टीव्ह जॉब्झने २००७ सालीच स्टायलसची टर उडवली होती.’ ती म्हणाली, ‘आणि २०१५ साली त्याच कंपनीने पेन्सिल विकायला काढली. नाव बदललं की दोष लागत नाही.’ साडूंनी मध्ये तोंड घातलं: १२.९ इंची आयपॅड प्रोला तो झुलता कीबोर्ड जोडून तागडीत घाला, मॅकबुक एअरपेक्षा जड भरतो. बाई नवऱ्याकडे वळलीसुद्धा नाही. भावालाच म्हणाली, ‘आणि थिंकपॅड या नावाने १९९२ साली सगळ्यात आधी जी वस्तू आली ना, ती पेनाने चालणारी टॅबलेटच होती.’ मेहुणा पाणी प्यायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आला नाही.

माझं निरीक्षण असं, की या मंडळींचा सुवर्णकाळ नेहमी नुकत्याच बंद झालेल्या मॉडेलात असतो. थिंकपॅडच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एफएन कळ आणि तिच्या उजवीकडे कंट्रोल असायची, बाकी बहुतेक विंडोज लॅपटॉपवर हे उलटं. कॉपी करायला जावं आणि बोट भलत्याच कळेवर पडावं, याबद्दल मेहुण्याने वर्षानुवर्षं बोटं मोडली. सेटिंगमध्ये दोघींची अदलाबदल करता येते, पण ती त्याला मान्य नव्हती. कळ एक बोलणार, करणार दुसरंच, म्हणे. २०२४ साली, थिंकपॅड आता ज्यांच्याकडे आहे त्या लेनोव्होने नव्या थिंकपॅडवर कंट्रोल कोपऱ्यात आणली. मी बातमी वाचून आनंदाने त्याला फोन लावला. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की मला वाटलं, लाइन कटली.

‘हलवली?’ तो म्हणाला. ‘हात लावायला यांना तीच एक कळ सापडली?’

‘अरे, पण तूच तर...’

‘भावोजी, शनिवारी लॅमिंग्टन रोडला येता का? जुन्या रचनेचे संपायच्या आत दोन उचलून ठेवू.’