शेपटावरची हौस

आमच्या सोसायटीत एक दादा आहेत. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर असतं. गाडीचा नंबर ४१४१. इंग्रजी चार जरा वळणदार काढला आणि एकाला काना मानलं, की 'दादा' वाचता येतं. समोरच्या बंगल्यात ४९१२ आहे, म्हणजे 'पवार'. आरटीओने आकडे द्यावेत आणि आपण त्यातून बाराखडी उकरावी, या कलेला अजून कुणी पुरस्कार दिलेला नाही.

या दादांनी एकदा विचारलं, "काय हो, विमानाला ४१४१ मिळतो का?" विमान त्यांच्याकडे नाही. पण रिंगरोड त्यांच्या शेतातून जाणार आहे, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता.

"नाही मिळत. आपल्याकडे आधी व्हीटी, मग तीन अक्षरं. आकडा औषधालासुद्धा नाही."

"मग डी-ए-डी-ए टाकू."

"ती चार झाली."

"डी-ए-डी?"

"लोक 'डॅड' वाचतील. रेडिओवर तर 'डेल्टा आल्फा डेल्टा' म्हणतील."

दादा गप्प झाले. डेल्टा म्हणवून घेण्यासाठी कुणी जमीन विकत नाही.

क्रम सोडून आवडीची अक्षरं मागण्याची सोय आपल्याकडे आहे. फी भरावी लागते, एवढंच. पण आंतरराष्ट्रीय नियमांनी काही जोड्या बाद केल्या आहेत. एसओएस चालत नाही, कारण ती संकटाची हाक. तेव्हा कुणी सदाशिव ओंकार सहस्रबुद्धे असतील, तर त्यांनी आद्याक्षरांचा नाद सोडावा. पीएएन हीसुद्धा तातडीची खूण, म्हणजे पानाच्या गादीवर विमान कमावणाऱ्यालाही 'पान' मिळायचं नाही.

खरा वाद आहे तो पहिल्या दोन अक्षरांचा. ही देशाची खूण, आणि ती रेडिओच्या कॉलसाइनवरून आली. १९२७ साली वॉशिंग्टनला जी रेडिओ परिषद झाली, तिथे व्हीटी ब्रिटिश हिंदुस्थानच्या पदरात पडलं. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेलं पस मॉथसुद्धा व्हीटी-एडीएनच होतं. आता व्हीटी म्हणजे 'व्हाइसरॉय टेरिटरी' अशी समजूत आहे, आणि ही गुलामीची खूण पुसा, असं संसदेतही बोलून झालं आहे. पण पुसून लिहायचं काय? 'इंडिया'चं आयएन मागावं, तर आय इटलीने धरून ठेवलेला. 'भारत'चं बीएच मागावं, तर बी चीनकडे. शेजाऱ्याने हद्दीत कुंपण घातल्याचं दुःख आपल्याला सातबाऱ्यावरून ठाऊक आहे; इथे अख्खं मुळाक्षरच गेलं.

अमेरिकेत मात्र चंगळ. एनच्या पुढे जास्तीत जास्त पाच खुणा, त्यात आकडे हवेतच, आणि शेवटी हवी तर एकदोन अक्षरं. आवडता क्रमांक वर्षभर राखून ठेवायला अवघे १० डॉलर. आपल्याकडे तेवढ्यात एजंट मान वर करून बघत नाही. आय आणि ओ ही अक्षरं मात्र वर्ज्य, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नायकी कंपनीने काय केलं, तर आयच्या जागी सरळ एकच घातला: एन१केई. घोटाळा होऊ नये म्हणून केलेला नियम आणि त्याच घोटाळ्यावर उभं राहिलेलं नाव! असली बुद्धी आपल्या नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडे आहे, पण त्याला विमानतळावर सोडत नाहीत. मायकल जॉर्डनचं विमान एन२३६एमजे: जर्सी २३, विजेतेपदं सहा, मग आद्याक्षरं. जॉन ट्रॅव्होल्टाच्या बोइंग ७०७ वर एन७०७जेटी होतं.

माझी शंका वेगळीच आहे. ४१४१ ला अर्थ आहे, कारण मागच्या रिक्षावाल्याला तो दिसतो आणि तो हॉर्न वाजवत नाही. पस्तीस हजार फुटांवर मागे कोण असतं? ती अक्षरं आवर्जून वाचतात ती माणसं मालकाला नकोशीच असतात. इलॉन मस्कचं विमान एन६२८टीएस: २८ जून हा वाढदिवस, टी टेस्लाचा, एस स्पेसएक्सचा. एक कॉलेजातला पोरगा ते कुठे उतरलं, कुठून उडालं हे जगाला सांगत बसला. हे बंद कर म्हणून मस्कने ५,००० डॉलर देऊ केले. पोराने ५०,००० मागितले. तो आपल्याकडे जन्मला असता तर जमिनीच्या व्यवहारात फार पुढे गेला असता.

आणि आपल्या विजय मल्ल्यांचं एअरबस ए३१९. त्यावर व्हीटी-व्हीजेएम. किंगफिशरचा सेवाकर थकला, तेव्हा खात्याने ते मुंबईत जप्त केलं. एरवी वसुलीच्या माणसाला मालमत्ता नेमकी कुणाची हे सिद्ध करताना घाम फुटतो. बायकोच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर, वारलेल्या आत्याच्या नावावर. इथे मालकाने फी भरून, रंगाऱ्याला उभं करून, ठळक अक्षरांत लिहून ठेवलेलं. पुन्हा पुन्हा लिलाव पुकारला. शेवटी २०१८ मध्ये ३५ कोटींच्या आत ते गेलं. आद्याक्षरांचे वेगळे पैसे कुणी लावले नाहीत.