सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मुदखेड

नांदेडजवळच्या मुदखेडचं स्टेशन घरात आणायचं तर आधी त्याचे 87 भाग करावे लागतात आणि त्यातला एकच ठेवून घ्यावा लागतो. छोट्या रेल्वेची हौसमौज करणारी जगभरची मंडळी ज्या मापाला एचओ म्हणतात, त्याचा हा हिशेब. खरा एक फूट म्हणजे टेबलावरचे साडेतीन मिलिमीटर. साडेपाच फुटी हमाल करंगळीच्या पेराएवढा होतो आणि तक्रार करत नाही. इंजिनं, डबे, रूळ पैसे टाकले की मिळतात; मुदखेडचं तिकीटघर मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते पुठ्ठ्यातून उभं करावं लागतं. आणि इमारतीचे नकाशे आपल्याला कोण दाखवणार? मग एखादा जुना फोटो काढायचा, त्यातलं दार सात फुटांचं धरायचं आणि खिडकीची रुंदी, भिंतीची उंची, छपराचा उतार हे सगळं त्या दाराला विचारत पुढं सरकायचं. इमारत कितीही सरकारी असो, तिचं दार कुणीतरी आत यावं म्हणूनच ठेवलेलं असतं.

एकदा हे माप डोक्यात भिनलं की घरातल्या वस्तू आपली जुनी ओळख विसरतात. लग्नपत्रिकेचा कागद साधारण 0.3 मिलिमीटर जाड, म्हणजे 87 पट केला की बरोबर इंचभर जाडीची फळी. स्टेशन मास्तरांच्या खोलीची दारं त्याचीच. आतल्या बाजूला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं आमंत्रण उलटं चिकटलेलं आहे, ते मास्तरांखेरीज कुणाला दिसायचं नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यातली नागमोडी लाट पाहून वाटतं की शेडचा पत्रा आयता सापडला. पण ती लाट मोजून गुणली की पावणेदोन फूट रुंद भरते. तसला पत्रा घातला तर प्रत्येक खोलगटीत एकेक हमाल दुपारची झोप काढील. याउलट रवा. मुदखेडच्या शिवारात फुलशेती मोठी. तेव्हा फलाटावर झेंडूच्या टोपल्या हव्यातच. पाच सेंटिमीटरचं फूल टेबलावर अर्ध्या मिलिमीटरहून जरासं मोठं होतं आणि हळदीत घोळलेला रव्याचा दाणा नेमका तेवढाच असतो. या बेताला नाव ठेवायला जागा नाही, फक्त रात्री मुंगळे येतात. सेंटिमीटरभराचा मुंगळा म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या दृष्टीनं तीन फुटांचं जनावर. एक नंबरच्या फलाटावरून ते फुलं पळवत निघतं आणि स्टेशनात कुणी जागचं हलत नाही. धुळीचं तर बोलायलाच नको. चैत्र-वैशाखात खिडकीतून आलेला प्रत्येक कण इथे खडीचा खडा होऊन पडतो.

रूळ हा आणखी नाजूक विषय. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत गेली ती मीटरगेजनं. पुढं ब्रॉडगेज आलं, आणि मुदखेड–आदिलाबाद फाट्याचं रुंदीकरण 2008 साली उरकलं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. टेबलावर तो सव्वाएकोणीस व्हायला हवा. विकत मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळावरून बेतलेला. म्हणजे गाडी अंगानं भारतीय आणि पायांनी परदेशी. लांबीचं दुःख त्याहून थोर. चोवीस डब्यांची गाडी मापात धरली तर साडेसहा मीटर होते, आणि नांदेड खिडकीबाहेर, दोन गल्ल्या ओलांडून, अडीचशे मीटरवर कुणाच्या तरी गच्चीत जाऊन पडतं. म्हणून सगळेच चोरी करतात. गाडी सहा डब्यांची, फलाट हातभर, आणि कडुलिंब बुटका. खरा पन्नास फुटी लिंब टेबलावर सतरा-अठरा सेंटिमीटर भरतो, पण तेवढा ठेवला की तिकीटघर पोरकं दिसू लागतं. माप खरं आणि दिसणं खोटं, हा अनुभव मला आधी फक्त पासपोर्ट फोटोत आला होता.

टेबलापासून दोन फुटांवर उभं राहणं म्हणजे खऱ्या स्टेशनापासून पावणेदोनशे फुटांवर, तेही वरून बघणं. तिथून विटांच्या सांध्यांतला चुना कुणाला दिसतो? तरी माणसं सुईच्या टोकानं सांधे कोरत बसतात, मीही बसतो. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. असल्या मांडणीपुढं मोठी माणसं वाकून छपरं बघतात आणि लहान पोरं काठाला हनुवटी टेकवून गाडी बघतात. पोरांचा डोळा आपसूक फलाटाच्या उंचीवर असतो. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढं खेळणी मांडतात, तिथं मोर हत्तीएवढा आणि बैलगाडी देवळाहून मोठी असते. त्यावर बोट ठेवणारी सासुरवाशीण अजून जन्मायची आहे. ज्याची माया जास्त, ते मोठं. लहानपणी मीटरगेजच्या डब्याची पहिली पायरी माझ्या छातीला लागायची आणि वरून मामाचा हात खाली यायचा. त्या पायरीला साडेतीन मिलिमीटरचा फूट लावला की ती इतकी क्षुद्र होते, की मी तिला एक मिलिमीटर वाढवून दिला आहे.

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. हयात पॉइंट्समन म्हणून गेली. ते चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले. दारं, पत्रा, झेंडू, कशाबद्दल अवाक्षर नाही. मग म्हणाले, “सिग्नल तर पडलेलाच नाही. गाडी आत कशी घेतली?” मी सिग्नलचा हात बोटानं खाली केला तेव्हा कुठं ते खुर्चीवर टेकले. चहा घेताना मी त्यांच्यापुढं माझी अडचण मांडली. स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची असते. बाकी सगळ्याला 87 नं भागलं आहे, तर या आकड्याला भागायचं की नाही?

“जे आहे ते लिहा,” काका कपातून मान वर न करता म्हणाले. “समुद्र काय तुमच्या टेबलाखाली आहे का?”