व्हाया चाकण, मुक्काम ब्राउनश्वाइग

लेकीला एमआयडीसीतून बाहेर काढायचं, हे मी टेल्कोत थर्ड शिफ्ट करताना ठरवलं होतं. (कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण आमच्या यमुनानगरात ती अजून टेल्कोच आहे.) पोरगी आकुर्डीच्या कॉलेजातून मेकॅनिकल झाली, चाकणला एका व्हेंडरकडे ट्रेनी लागली आणि तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्येच मोठी झाली. मग म्हणाली, जर्मनीला मास्टर्स करते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरायचे होते. पैसे आपलेच, पण तिला मिळणार महिन्याला 992 च्या हप्त्यानंच. माझा पीएफ हलला. म्हटलं हलू दे, पोरगी सुटली.

पुढं तिला भेटायला बायको आणि मी निघालो, तेव्हा मी नकाशा नीट पाहिला. शिकायला गाव निवडलंय ब्राउनश्वाइग. पार्ट टाइम नोकरी शेजारच्या वोल्फ्सबुर्गला, तीही व्हेंडरकडेच. आणि वोल्फ्सबुर्ग म्हणजे साक्षात फोक्सवॅगनचं गाव! 2009 साली चाकणला ज्यांनी कारखाना उघडला, त्यांचं हेड ऑफिस. चाकणहून पळालेली आमची लेक बरोबर मालकाच्या दारात जाऊन थांबली होती.

जाण्याआधी बॅगांची तपासणी झाली, ती व्हिडिओ कॉलवर. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभतं आणि मांस आणायला बंदी. साजूक तुपाची बरणी कस्टमनं नाही, लेकीनंच जप्त केली, निगडीच्या ओट्यावर. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला पास झाले. “मेतकुटाला कुत्रा हुंगणार नाही ना?” असं हिनं विचारलं, त्यावर लेकीनं कॅमेरा बंद केला.

ब्राउनश्वाइगचा मोठा मान असा की साऱ्या जर्मनीची अधिकृत वेळ इथं ठरते. पीटीबी नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या अणुघड्याळांवर देश चालतो. रेल्वे सोडून. सहा मिनिटांपर्यंतचा उशीर तिथं उशीर धरत नाहीत, तरी 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या शंभरातल्या साडेसदतीस गाड्या लेट होत्या. आमची फ्रँकफर्टहून येणारी गाडी वेळेवर पोचली. लेक फलाटावर उभी राहून आमच्याआधी गाडीचाच फोटो काढत होती.

तिचं विद्यापीठ 1745 सालचं. शनिवारवाड्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. गणिती गाउस याच गावचा, आणि याच संस्थेत शिकला. मी तिच्यासोबत एका लेक्चरला मागच्या बाकावर जाऊन बसलो. वेळापत्रकात दहा लिहिलेलं, प्राध्यापक उगवले सव्वादहाला. मी मनात त्यांचा हाफ डे मांडून टाकला. लेक म्हणाली, ही इथली जुनी रीतच आहे, पाव तासाची सूट विद्यापीठानंच दिलेली. लेक्चर संपलं आणि एकाएकी सगळा वर्ग मुठीनं बाकं बडवायला लागला. अगदी विधानसभेसारखा. आता प्राध्यापक सभात्याग करतील असं वाटलं, तर ते हसून मान लववत होते. तिथं टाळ्या वाजवत नाहीत, बाकं वाजवतात.

मार्कांची तऱ्हा त्याहून अवघड. सगळ्यात हुशार त्याला 1.0, काठावर पास त्याला 4.0, त्याच्यापुढं नापास. पहिल्या सेमिस्टरला लेकीला एका विषयात 1.3 मिळाले. ही बातमी हिनं आनंदानं सोसायटीत सांगितली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “होतं असं. पुढच्या वेळी करेल ती.”

घरात मात्र प्रोफेसर लेकच. पॅकिंगचा कचरा एकीकडे, कागद दुसरीकडे, ओला तिसरीकडे, आणि काचेच्या बाटल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रंगवार: पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या. त्या रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. मी आयुष्यभर फाइव्ह-एसच्या ऑडिटला तोंड दिलेला माणूस, पण चहाच्या पिशवीसमोर हरलो. धागा कुठं, कागदी चिठ्ठी कुठं, पत्ती कुठं? लेक मागं हात बांधून उभी. आमच्या फोरमनची हुबेहूब ढब.

प्लास्टिकच्या बाटल्यांवर मात्र माझा जीव जडला. दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली सरकवली की 25 सेंटची चिठ्ठी, म्हणजे जवळजवळ पंचवीस रुपये! कुदळवाडीतल्या भंगारवाल्यानं तेवढ्यात अख्खं पोतं उचललं असतं. मी सकाळी फिरायला जाताना पिशवी नेऊ लागलो. लेक कळवळली, “बाबा, इथं पेन्शन पुरत नाही ते म्हातारे बाटल्या वेचतात. तुम्हाला लोक काय समजतील?” म्हटलं, बरोबरच समजतील. आणि माझी ईपीएसची पेन्शन त्यांनी ऐकली, तर तेच आपल्या बाटल्या मला आणून देतील.

रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, मोठा आवाज बंद. हिनं दुपारी कुकर लावला. चौथ्या शिट्टीला वरच्या मजल्यावरची पावलं थांबली. संध्याकाळी जिन्यात चिठ्ठी चिकटवलेली: इमारतीत वाफेचं कुठलं यंत्र बसवलंय त्याचा खुलासा व्हावा. खाली ‘मैत्रीपूर्ण नमस्कारासह’. हिला शेवट फार आवडला. तिनं चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि वर थालीपीठ पाठवलं. डबा धुऊन परत आला. थालीपीठ कोणत्या कचऱ्यात गेलं, ते विचारायची सोय नव्हती.

शेवटी वोल्फ्सबुर्ग. निगडीहून चाकण, तेवढंच काहीसं अंतर. गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. फक्त डोळ्यात तेल घालून उतरायचं, कारण 2011 मध्ये इथं थांबायचंच विसरून आयसीई गाड्या एकदा सोडून अनेकदा पुढं निघून गेल्या होत्या. स्टेशनातून बाहेर पडलो की कालव्यापलीकडं कारखान्याची चार धुराडी. मला एकदम बरं वाटलं. फोक्सवॅगनच्याच ऑटोश्टाटमध्ये काचेचे दोन मनोरे, 48 मीटर उंच, एकेकात 400 नव्या गाड्या रचलेल्या. मी इन्व्हेंटरीचा हिशेब करत होतो, ही म्हणाली, “अहो, आज संकष्टी आहे.” जूनमधली संकष्टी. सूर्यच साडेनऊला मावळतो, चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या आसपास.

आणि उपासकरणीसमोर त्या गावाचा खरा अभिमान वाढून आला: सॉसेज. 1973 पासून फोक्सवॅगन स्वतःच्या कारखान्यात सॉसेज बनवते, आणि त्याला रीतसर पार्ट नंबर आहे, 199 398 500 ए. कित्येक वर्षी मोटारींपेक्षा सॉसेज जास्त खपतात. 2021 साली एका कँटीनमधून ते काढलं, तर माजी चॅन्सेलर श्रोडर यांनी जाहीर निषेध केला. कँटीनच्या जेवणावरून पिंपरीत मी पुष्कळ गेट मीटिंगा पाहिल्यात, पण माजी पंतप्रधान आलेला नाही पाहिला. शाकाहारी सॉसेजही निघालंय, पण ही म्हणाली, “नंबर पडलेलं काही मी खात नाही.”

मी तिथल्या केचपची बाटली तेवढी घेतली. त्यालाही पार्ट नंबर. चाकणच्या एका स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेल्या मित्राला ती भेट दिली. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, नंबर वाचला, एक्स्पायरी पाहिली, बूच घट्ट आहे का तपासलं आणि विचारलं,

“चलन कुठंय?”