डे-एंड अण्णा

आमच्या बी विंगला एक अण्णा आहेत. तुमच्याही सोसायटीत असणारच. बँकेतून निवृत्त, चष्मा गळ्यातल्या दोरीला, आणि घरातला लॅपटॉप बंद करण्याचे सर्वाधिकार स्वतःकडे. चालू कोणीही करा, बंद अण्णाच करणार. रात्री साडेनऊला टेबलाशी बसले की स्वयंपाकघरापर्यंत आवाज जातो, "कोणाचं काही राहिलंय का? डे-एंड घेतोय!"

शाखेत एखादा कारकून लॉगआउट न करता चहाला गेला, की डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, अडायचं आणि सगळे ताटकळायचे. ती धास्ती अण्णांच्या हाडात मुरलेली. आधी फायली सेव्ह, मग एकेक खिडकी बंद, मग पेन ड्राइव्ह. तो नुसता ओढून काढणं म्हणजे अण्णांच्या लेखी भरल्या पंगतीतून उठून जाणं. 'आता काढायला हरकत नाही' असा संदेश आला की तो मोठ्यानं वाचायचा, मगच हात लावायचा. नंतर स्टार्ट. "बंद करायला 'स्टार्ट' दाबा, हे आमच्या हेड ऑफिसलाच सुचू शकतं!" हा विनोद विंडोज 95 पासून चालू आहे. घरचे हसायचे थांबलेत, अण्णा मात्र हशासाठी क्षणभर थांबतात.

त्या काळी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता कॉम्प्युटर खुशाल बंद करा. मग माणूस स्वतः बटण दाबायचा. हल्ली यंत्र आपलं आपणच विझतं, आणि अण्णांना ते पटत नाही. ते दिवा जाईपर्यंत बघतात, पंख्याच्या जाळीला कान लावतात, भिंतीवरचं बटण बंद करतात, वायर गुंडाळतात आणि वर जुना नॅपकिन घालतात.

झाकण मिटून उठणारा मुलगा हा त्यांचा कायमचा आरोपी. "अरे, ते झोपलंय, बंद नाही झालेलं!" इथे अण्णांचं चूक नाही. झोपेतही मेमरीला वीज लागते, बॅटरी उतरत राहते, आणि बॅगेत लॅपटॉप मधेच जागा झाला तर चांगला तापतो. पॉवरचं बटण दाबून धरणाऱ्या सुनेला ते काही बोलत नाहीत, फक्त डोळे मिटतात. लॅपटॉप पार अडकला तर तोच उपाय, हे त्यांनाही मान्य आहे. पण एरवी सेव्ह न केलेलं काम जातं, आणि डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइलही बिघडू शकते.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली आणि तिनं टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'अप टाइम'.

"आजोबा, हा 23 दिवस बंदच झालेला नाहीये."

अण्णांचा चष्मा दोरीवरून नाकावर आला. नातीनं समजावलं. 2012 च्या विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. शट डाउन केलं की आपले प्रोग्रॅम मिटतात, पण सिस्टिमचा गाभा तसाच डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी परत उचलला जातो. म्हणून सुरू व्हायला वेळ लागत नाही. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं नव्यानं.

"म्हणजे बंद केला तर बंद होत नाही, आणि परत चालू कर म्हटलं तर पूर्ण बंद होतो?"

"हो."

"ताळेबंद न जुळवता शाखेला कुलूप!" अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. नातीनं दुसऱ्या दिवशी तोडगा दिला: शिफ्ट दाबून धरायचं आणि मग शट डाउनवर क्लिक करायचं, की संपूर्ण बंद. तेव्हापासून अण्णा डाव्या करंगळीनं शिफ्ट असं दाबतात, की टेबल हलतं.

तुमच्या-आमच्यासारख्यांनी आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केलं तरी भागतं. अण्णांना मात्र हे सांगायला जाऊ नका.