बंब आणलाय म्हणे!

"अगो, कळलं का तुला? मुंबईकरांनी बंब आणलाय." काकूंनी गडग्यावरची टोपली बाजूला सरकवली, कोपर टेकलं आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणायची खरं तर काही गरज नव्हती. मुंबईकरांचं घर आमच्यापासून तीन आगरं सोडून आहे आणि मधे नारळी-पोफळी उभ्या आहेत. पण बातमी कुजबुजत सांगितल्याशिवाय काकूंना ती सांगितल्यासारखी वाटत नाही.

मुंबईकर म्हणजे निवृत्त होऊन कायमचे राहायला आलेले. आमच्या दापोली तालुक्यात आता अशी घरं बरीच झाली. चिऱ्याची भिंत, वर नवी कौलं, पडवीत झोपाळा, आणि जुन्या वस्तूंची हौस. बंब त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलला. अस्सल तांब्याचा, कमरेएवढा, पितळी तोटीचा. इथपर्यंत काकूंना कौतुकच होतं.

"पण बसवलाय कुठे, विचार."

"कुठे?"

"झोपायच्या खोलीला लागून ती टाइल्सची बाथरूम आहे ना, तिथे! खिडकी म्हणजे एवढीशी काच, तीसुद्धा थंडीची बंद. आणि पहिल्या दिवशी लाकडं कसली घातली? गेल्या आठवड्यात आंब्याची फांदी उतरवली ना, तिचेच तुकडे. टोकातून फेस येतोय, चर्र चर्र आवाज होतोय, आणि हे आपले फुंकतायत. शेवटी वहिनी तोंडाला ओला टॉवेल लावून बाहेर आल्या."

हसू आलं, पण यात नवल काही नाही. बंब कुठला घ्यायचा हे सगळे विचारतात, लाकडं कुठली नि कधीची हे कुणी विचारत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी उडून जाण्यातच जाळाची बरीच ताकद जाते. लाकूड धड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि जे जळायला हवं होतं ते धुरातून वर जाऊन बंबाच्या मधल्या नळ्याला काळं, चिकट होऊन बसतं. फेस दिसला की समजावं, आपण लाकूड जाळत नसून पाणी उकळतोय, आणि तेही बंबाबाहेरचं.

आमच्याकडे लाकडाचं काम बारमाही असतं. दिवाळीनंतर तोड, शिमग्यापर्यंत फोड, मग चैत्र-वैशाखाचं ऊन, आणि आगोटीच्या कामांत सगळं छपराखाली. रोहिणी लागायच्या आत लाकडं आत गेली नाहीत की त्या घरात पावसाळाभर रोज सकाळी भांडण ठरलेलं. रचताना खाली दोन बांबू आडवे टाकायचे, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी चढत नाही. भिंतीला चिकटवायची नाहीत, वारा खेळू द्यायचा. आणि लाकूड ओढण्याआधी काठीने दोनदा ठोकायचं. रत्नागिरी जिल्ह्यात राहून फुरसं कुठे बसलेलं असेल याचा भरवसा धरणारा माणूस नवखाच म्हणायचा.

लाकडालाही जात असते. ऐन, किंजळ जड. उशिरा पेटतात पण इंगळ तासभर टिकतात. सुरूचं लाकूड सरपणाला फार चांगलं, किनाऱ्याकडची माणसं त्याच्यावर खूश असतात. पांगारा, सावर घरात आणूच नये, भुर्रकन जळतात आणि हाती काही लागत नाही. नारळाचं मात्र सगळंच कामाला येतं. पेटवायला सुकी झावळी, भडका हवा तर करवंटी, धग धरून ठेवायला सोडण. वखारीतून बंबफोड घेणाऱ्या घाटावरच्या लोकांना ही चैन नाही.

"आणि पुढचं ऐक," काकू म्हणाल्या, "आंबा पेटेना तेव्हा त्यांनी कपाटांचे उरलेले प्लायवूडचे तुकडे घातले."

यावर मात्र मला हसू आलं नाही. प्लायवूडमध्ये गोंद असतो, वर रंग-पॉलिश असतं, आणि त्याचा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा फार वाईट. सुतारकामाचा उरलेला माल बंबात घालू नये. घरात जागा अडवत असला तरी घालू नये.

पण प्लायवूडपेक्षाही मोठं संकट काकांच्या लक्षात आलं. ते सहज म्हणून बंब बघायला गेले होते. धूर दिसतोय तोवर माणूस पळतो तरी, ते म्हणाले. धूर थांबतो, नुसते लाल इंगळ उरतात, बाथरूम छान उबदार होते, तेव्हा खरी भीती. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणसाला वाटतं, वाफेने गरगरतंय, जरा बसू. तो बसतो तो उठत नाही. दर थंडीत गॅस गिझरच्या बातम्या येतात त्या याच वायूच्या, फक्त तिथे जळतो गॅस आणि इथे लाकूड.

जुन्या घरांत न्हाणी परसदारी का असायची, तिची भिंत छपराला का टेकवत नसत, पाणचूल न्हाणीच्याही बाहेर का असायची, याची कारणं शिवाशिवीत आणि सोयीत शोधतात लोक. असतीलही. पण त्या उघड्या फटीने किती जीव वाचवले असतील, त्याचं श्रेय कुणी देत नाही. काकांनी तिथेच बसून मुंबईकरांना कबूल करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी दोन गडी लावून बंब परसात हलवला. आता त्याच्यावर पत्र्याची एकपाखी आहे, तिन्ही बाजूंनी वारा आहे, आणि पाणी बादलीने आत न्यावं लागतं. वहिनींचा चेहरा त्या बादलीमुळे जरा उतरलाय, असं काकू म्हणतात.

"पण काय गो, पाणी फुकटात तापतं ना," मी मुद्दाम म्हटलं.

"फुकटात? कुणी सांगितलं तुला?"

मला तेच हवं होतं. बंबाचं पाणी फुकट, हे वाक्य आमच्या गावात फक्त पुरुष बोलतात. हिशेब करून बघा. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला वीज लागते जेमतेम पाऊण युनिट. किलोभर सुक्या लाकडात चार युनिटांइतकी उष्णता असते खरी, पण तिच्यातली पुष्कळशी नळ्यातून आकाशात जाते. आता तोडणाऱ्याची मजुरी धरा, फोडणाऱ्याची धरा, त्यांचा दोन वेळचा चहा धरा. मग रचणारी, रोज ओढून आणणारी, पेटवणारी, राख काढणारी बाई धरा. तिची मजुरी शून्य मांडली तरच बंब फुकट पडतो. पैशासाठी बंब ठेवायचा असेल तर ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत.

मग मी का ठेवलाय? निसर्ग वादळामुळे. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली-मंडणगडालाही झोडपून गेलं. खांब आडवे, तारा लोळतायत, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही, वर टाळेबंदी. गिझर भिंतीवर शोभेला होता. सौर पाण्याच्या नळ्या ज्यांच्या होत्या त्यांच्या फुटल्या. ज्या घरांत पाणचूल किंवा बंब होता तिथे शेजारीपाजारी बादल्या घेऊन रांगेत. लाकडाला तर तोटाच नव्हता, अख्खी आगरं आडवी झाली होती. पण ऐन पावसाचं ओलं लाकूड, ते जळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. काकूंचा फणस त्यात पडला. त्याचं सरपण त्यांनी होऊ दिलं नाही, फळ्या काढून घेतल्या. फणसाचं लाकूड जाळणाऱ्याला त्या आजही शहाणा समजत नाहीत.

"त्यांना म्हणावं, रिकामा पेटवू नका," काकूंनी पुन्हा मुंबईकरांचं सूत धरलं. "आधी पाणी, मग विस्तव. उलटं केलं की डाख वितळतो आणि बूड सुटतं."

डाख देणारा माणूस हीच आता बंबाची खरी अडचण. पूर्वी तांबट गावोगाव फिरायचे. आता गळका बंब गाडीत घालून शहर गाठावं लागतं; पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो, पण एका भोकासाठी पुणं कोण करणार? त्यापेक्षा भोक पडूच नये हे बघावं. जाळीखालची राख रोज काढायची. ती साठली की खालून हवा मिळत नाही, जाळ कोंडतो आणि जाळी वाकते. मधला नळा आठवड्यातून एकदा थंड असताना घासायचा. काठीच्या टोकाला सोडण घट्ट बांधलं की त्याच्यासारखा ब्रश दुकानात मिळत नाही. काजळीचा थर चढला की तेवढ्याच लाकडात पाणी कोमट राहतं आणि माणूस दोष लाकडाला देतो. घाटावरच्या माझ्या नणंदेकडे काजळीच्या जोडीला बोअरच्या पाण्याचे क्षार. आतून पांढरी खपली धरते, ती ठोकून काढताना पत्रा पोचतो. आमच्या जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याला हा त्रास फारसा नाही.

बाहेरून चकाकी हवी तर चिंच-मीठ, नाहीतर पिकलेली बिंबलं. पण ती नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळपुरती. तेव्हा बंब घासून, गळ्यात झेंडूची माळ घालून, पाणी भरून ठेवायचा. एरवी रोज आरशासारखा बंब दिसला तर त्या घरात पाणी गिझरवर तापतंय हे ओळखावं.

एवढ्यात रस्त्यावरून पर्यटकांची गाडी गेली आणि विषय चुलीवर आला. हमरस्त्याला आता दर अर्ध्या मैलावर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी आहे. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळसुद्धा. काकूंचा या पाट्यांवर राग आहे.

"खाणारा चार घास खाऊन जातो. चुलीपुढे बसणारीचे डोळे कोण बघतो?"

काकूंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. चुलीच्या धुराने छाती बिघडते, मोतीबिंदू लवकर येतो, हे डॉक्टर आता सांगतात. त्यांच्या सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात सरकारच्या सुधारित चुली आल्या, त्यातली एक काकूंच्या घरीही बसली होती. पुढे पुण्याच्या आरती संस्थेनेही धुराड्याची 'लक्ष्मी' चूल काढली, कुंभारांना ती करायला शिकवली. चूल वाईट नव्हती. काकूंच्या घरची का गेली ते त्यांनीच सांगितलं. धुराडं साफ करायचं असतं हे बसवणाऱ्याने सांगितलं नाही, आणि वर चढून साफ करायला घरातला एक पुरुष तयार नव्हता. पाइप काजळीने भरला, धूर उलटा फिरला, पावसात कौलांतून गळायला लागलं. दोन पावसाळ्यांनी पाइप काढला आणि त्या जागी कौल बसवलं.

मला वाटतं, लाकडावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूचं असंच आहे. आणणारा एक आणि साफ करणारा दुसरा असला की ती टिकत नाही.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गावात घरोघरी १४.२ किलोचा सिलिंडर पोचला. तरी परसातली पाणचूल गेली नाही. स्वयंपाक गॅसवर, आंघोळीचं पाणी लाकडावर, ही वाटणी बायकांनी आपली आपण केली, आणि माझ्या मते ती अगदी योग्य आहे. धूर उघड्यावर, माणूस आत.

"राख हवी होती ना तुला?" काकूंना एकदम आठवलं. वालाच्या बियाण्याला चोळायला आणि भाजीच्या वाफ्यांना मला राख लागते. "पण आजची नको नेऊ. कालची काढून ठेवलीय. आणि पत्र्याचा डबा आण हो, प्लास्टिकची बादली आणलीस तर देणार नाही. राखेखाली इंगळ रात्रभर जिवंत असतो. गेल्या वर्षी खालच्या वाडीत अशीच गरम राख पातेऱ्यावर टाकली आणि गोठ्याचं कूड गेलं."

डबा घेऊन मी गेले. मुंबईकरांच्या वहिनीही तिथेच आल्या होत्या, सुकी लाकडं उसनी मिळतील का विचारायला. काकूंनी दिली, पण मोजून दिली. तुमच्यापैकी कुणाच्या मनात बंब घ्यायचं असेल तर एवढं करा: आधी लाकडं तोडून, फोडून एक उन्हाळाभर वाळवा, त्यांच्यावर छप्पर घाला, आणि बंब बघायला पुढच्या दिवाळीला जा.