फरशीवैद्य

फरशीवैद्य हा मराठी मध्यमवर्गातला एक प्रकार असून तो प्रामुख्याने १९८० ते २००० या काळात बांधलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत आढळतो. वय साठीच्या पुढचे. नोकरी बँकेत, वीज मंडळात किंवा विम्याच्या कचेरीत झालेली, म्हणजे फरशीशी संबंध फक्त तिच्यावरून चालण्यापुरता. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने तो जुनी बिले आणि पासबुके लावण्यात घालवतो. सातव्या महिन्यात त्याची नजर खाली जाते.

ज्या वस्तूवर तो उपचार करतो तिला मुंबईत लादी, पुण्यात फरशी आणि दोन्हीकडच्या दुकानात टाइल्स म्हणतात. ती एकच असली तरी टाइल्सच असते. ‘बाथरूममधली एक टाइल्स फुटली’ हे वाक्य मराठीत शुद्ध मानावे लागते.

या गृहस्थाचा मूळ गैरसमज त्याच्या बालपणात आहे. त्या घरात मोझॅक होते. मोझॅकच्या वरच्या थरात सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे बसवलेले असतात आणि तो थर जाड असतो. त्यामुळे पॉलिशवाल्याने यंत्र फिरवले, राखाडी चिखल घरभर झाला आणि तो धुऊन काढला की खालून नवी चकाकी निघते. हा चमत्कार लहानपणी पाहिलेला माणूस जन्मभर असे समजून चालतो की प्रत्येक फरशीच्या पोटात एक नवी फरशी दडलेली असते. सिरॅमिकच्या फरशीच्या पोटात भाजलेली माती असते. वरची चकाकी ही झिलई, म्हणजे हजार अंशांहून अधिक उष्णतेच्या भट्टीत मातीवर वितळवलेला काचेचा पातळ थर. चपलेबरोबर घरात येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते बहुतेक झिलयांपेक्षा कठीण असतात. वर्षानुवर्षे त्यांच्यावरून पाय घासले की काच झिजते, खालची सच्छिद्र माती उघडी पडते आणि ती मळ पिते. गेलेली झिलई घरी परत आणता येत नाही, कारण घरी भट्टी नसते. फरशीवैद्याला हे दुकानदाराने, गवंड्याने आणि जावयाने वेगवेगळे सांगितलेले असते. यांपैकी जावयाचे तर तो मुळीच ऐकत नाही.

निदान पहाटे सहाला होते. साधन म्हणजे रुपयाचे नाणे. गुडघे टेकू नका असे डॉक्टरांनी बजावलेले असतानाही तो गुडघ्यांवर बसून एकेक फरशी वाजवत पुढे सरकतो. खालचा माल धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर बद्द आणि पोकळ. ही परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध असून गवंडीही तीच करतात, फक्त त्या वेळी करत नाहीत. पोकळ फरशीवर पेन्सिलीने फुली मारली जाते. खालच्या मजल्यावरचे कुटुंब त्या दिवसापासून लवकर उठू लागते.

तपासणी पुरी झाली की घराचा एक नकाशा तयार होतो. झीज सगळीकडे सारखी नसते. दाराच्या आत एक पट्टा, बेसिनपुढे एक गोल आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर, शेगडीच्या किंचित डावीकडे, दोन पावलांएवढे दोन डाग. ‘इथे सर्वात जास्त वापर झालाय,’ असे तो जाहीर करतो. ‘अहो, तिथे मी उभी असते,’ असे उत्तर येते. वहीत मात्र ‘वापर’ हाच शब्द राहतो.

उपचाराची सुरुवात घरगुती असते. लिंबू, चिंच, टूथपेस्ट असे करत तो खायचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणापर्यंत येतो. ही दोन्ही एकत्र केली की फसफसतात आणि एकमेकांचा गुण मारतात. उरते ते जवळजवळ खारट पाणी. पण फेस दिसतो, आणि या पंथात फेस हाच पुरावा धरला जातो. त्यानंतर ॲसिड येते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत बाथरूमच्या फरशीवर जो पांढरा थर साचतो तो मुख्यतः चुन्याचा क्षार. ॲसिडने तो विरघळतो, फरशी खालून पांढरीशुभ्र निघते आणि शेजारच्यांना बोलावून ती दाखवली जाते. फरशी बरी झालेली नसते, तिच्या अंगावरचे पांघरूण गेलेले असते. तेच ॲसिड फरश्यांमधल्या जॉइंटचे सिमेंटही खाते. पुढे काही दिवसांनी खालच्या मजल्यावर छताला ओल दिसते आणि विषय सोसायटीच्या सभेत जातो. (ॲसिडबरोबर ब्लीचिंग पावडर कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. इथे विनोदाला जागा नाही.)

जॉइंटच्या कामात मात्र फरशीवैद्याला मान द्यावा लागतो. जुन्या घरांतल्या दुखण्यांपैकी निम्मी फरशीची नसतात, जॉइंटची असतात, आणि ती घरी बरी होतात. तो करवतीच्या तुटक्या पात्याने काळा पडलेला माल खरवडून काढतो, जुन्या टूथब्रशने फट साफ करतो, पांढरे सिमेंट भरतो, ओल्या स्पंजाने तिरके पुसतो आणि एक दिवस ओल धरून ठेवतो. भाड्याचा माणूस यातली निदान दोन कामे टाळतो. फटीत भरायचे एपॉक्सीचे ग्राउट आणखी टिकाऊ, कारण ते पाणी आणि मळ पीत नाही. पण त्याचे दोन भाग एकत्र केल्यावर ते फार वेळ थांबतही नाही. नेमका त्याच वेळी परदेशातल्या मुलाचा फोन येतो. फरशीवैद्याच्या घरी एक स्टीलची वाटी असते, तिच्यात चमचा कायमचा उभा असतो.

फुटलेली फरशी बदलणे हे त्याचे महापर्व. नमुन्याचा तुकडा रुमालात गुंडाळून तो दुकाने पालथी घालतो. पुण्याचा असेल तर बोहरी आळीपासून सुरुवात. सगळीकडे एकच उत्तर मिळते: ‘काका, हे बंद झालं.’ मोरबीच्या कारखान्यांतून नवी डिझाइन्स येत राहतात आणि जुनी बंद होतात. तेच डिझाइन मिळाले तरी दुसऱ्या लॉटची शेड जुळेलच असे नाही. शेवटी माळ्यावर, बंद पडलेल्या मिक्सरमागे, घर बांधताना उरलेल्या चार फरश्या सापडतात. त्या दिवशी घरात गोड होते. फरशी बसते, रबरी हातोडीने पातळीत येते, आणि मग लक्षात येते की तीस वर्षे माळ्यावर काढलेली ती फरशी झिजलेल्या शेजारणींत नव्या दातासारखी चमकते आहे. दोन दिवस तो तिच्याकडे बघून काढतो. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर आणि मूठभर वाळू घेऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत तिची झिलई घासून काढतो. संपूर्ण मोहिमेत ठरवल्याप्रमाणे शंभर टक्के यशस्वी झालेला हा एकमेव उपचार होय.

रंगाचा मार्ग काही जण पत्करतात. एपॉक्सी रंग धरण्यासाठी फरशी घासलेली, तेलकटपणा गेलेली आणि पूर्ण कोरडी लागते, नंतरही काही दिवस पाणी चालत नाही. एकच बाथरूम असलेल्या घरात या काळात बादल्या घेऊन शेजारी जावे लागते. म्हणून ज्यांचे शेजाऱ्यांशी वाकडे आहे ते रंगाच्या वाटेला जात नाहीत.

बाहेर पडला तरी फरशीवैद्य मान वर करत नाही. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय नातवंडांना दाखवायला नेले, तर मुले वस्तू बघतात आणि हा तिथली मिंटनची फरशी. इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या या कारखान्याने रंगीत मातीची नक्षी फरशीत काही मिलिमीटर खोल भरण्याची जुनी रीत एकोणिसाव्या शतकात पुन्हा वापरात आणली. अशी फरशी झिजली तरी नक्षी पुसत नाही. हे कळल्यावर तो वाकून खिशात हात घालतो आणि रखवालदार पुढे येतो.

असा गृहस्थ पाहुणा म्हणून येणार असेल तर बाथरूमबाहेर मोठे पायपुसणे टाकावे आणि घरात सुटी नाणी ठेवू नयेत.